‘साठी बुद्धी नाठी’ खरं का? उतारवय, मेंदू आणि विसरभोळेपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गेली २७ वर्षं मी जनरल प्रॅक्टिस करते. बीपी मोजून झालं, दंडाचा पट्टा सुटला, पेशंट चपला घालायला निघाला की दारातून मागे वळून विचारतो, “डॉक्टर, हल्ली फार विसरायला होतं हो. वय झालं म्हणायचं, दुसरं काय?” पुष्कळदा त्या दिवशी तो खरा त्यासाठीच आलेला असतो, बीपी नुसतं निमित्त. दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. ‘वय झालं’ हे निदान होऊ शकत नाही, एवढं माझं म्हणणं. त्या दोन शब्दांखाली बरे होणारे आजारही झाकले जातात आणि धडधाकट माणसंही उगाच धास्तावतात.

साठीनंतर बुद्धी खरंच नाठी होते का?

नाही. अमेरिकेत वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या एका अभ्यासात त्याच त्या माणसांच्या बुद्धीची दर काही वर्षांनी चाचणी घेतली गेली, ती कित्येक दशकं. बहुतेकांच्या बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून होत्या. पुढची घसरणही सगळ्यांची सारखी नव्हती. आपल्याकडच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या १०० माणसांपैकी ७ ते ८ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या ९२ जणांवर ही म्हण अन्यायच करते.

मग वयानुसार मेंदूत बदलतं तरी काय?

मेंदूचं वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम आणि त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. म्हातारपणी रोज हजारो पेशी मरतात असं आपण शाळेपासून ऐकत आलो, पण निरोगी वार्धक्यात पेशींची संख्या तेवढी कमी होत नाही. कमी होतात त्या पेशींमधल्या जोडण्या. पेशींच्या तारांवर एक चरबीचं वेष्टण असतं. ते विरळ झालं की निरोप सावकाश पोचतो. बारीक रक्तवाहिन्याही कडक होतात. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. नवी आठवण आधी त्याच्याकडे नोंदवली जाते. उतारवयात तो दरवर्षी १ ते २ टक्क्यांनी आकसत जातो.

त्यामुळे वेग कमी होतो आणि दोन कामं एका वेळी जमेनाशी होतात. फोनवर बोलता बोलता दूध उतू जातं ते यामुळेच. शब्दसंग्रह मात्र सत्तरीपर्यंत शाबूत राहतो, कधी वाढतोही. माणसाची पारख, व्यवहारातलं तारतम्यही टिकतं. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून उभा जन्म काढलेले एक आजोबा माझ्याकडे येतात. मोबाइलवर मेसेज पाठवायला त्यांना नातू लागतो, पण माझ्या कंपाउंडरने बिलाची बेरीज चुकवली की कागद उलटा धरलेला असूनही त्यांच्या लक्षात येतं.

माणूस समोर उभा असतो आणि नावच आठवत नाही. ही सुरुवात का?

बहुतेक वेळा नाही. नाव सांगितल्यावर “हां, बरोबर!” असं होत असेल तर नोंद आत शाबूत आहे, काढायला वेळ लागतोय इतकंच. विशेषनामं सगळ्यात आधी अडतात, कारण त्यांना अर्थाचा आधार नसतो. ‘सुतार’ हा धंदा लक्षात राहतो, सुतार हे आडनाव राहत नाही.

मग काळजी कधी करायची?

त्या माणसाची पूर्वीची रीत बदलली असेल तेव्हा. तुलना शेजाऱ्याशी करू नका, त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करा.

विश्रामबागेतल्या एक बाई गल्लीतली भिशी चालवायच्या. वीस जणींची, एक रुपयाची चूक नाही. मग एका महिन्यात एकीचा नंबर दोनदा लागला. बोभाटा झाला, “तुम्ही पैसे खाल्ले” इथपर्यंत गोष्ट गेली आणि त्यांनी भिशी बंद केली. घरचे म्हणाले, दगदग झेपत नाही, बरंच झालं. दीड वर्षाने त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना कटाची आमटी करायची क्रमवारी सांगता येत नव्हती. डाळ शिजवायची, कट काढायचा, एवढं सांगून थांबायच्या आणि पदराशी चाळा करत राहायच्या. भिशीची वही सुनेने जपून ठेवली होती. त्यातल्या आकड्यांचं अक्षर चार महिन्यांत कसं बदलत गेलं ते पाहिल्यावर मला वाटलं, ही वही दीड वर्ष आधी कुणी आणून दाखवायला हवी होती.

पैशाच्या व्यवहारात गोंधळ ही फार लवकर दिसणारी खूण आहे. बाकीच्या खुणा साधारण अशा: तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, भांड्याला ‘ते ते’ म्हणणं, हरवलेली वस्तू कुणीतरी चोरलीच असा पक्का संशय, आणि हौशी माणसाने एकाएकी सगळ्यातून अंग काढून घेणं. आणखी एक गोष्ट. “मी विसरतो” अशी तक्रार स्वतः माणूस करतो तेव्हा मला जरा हायसं वाटतं. “मला काही झालेलं नाही, हीच उगाच घेऊन आली” असं तो म्हणाला आणि बायकोच्या डोळ्यात पाणी आलं, की मी खुर्ची पुढे ओढते.

पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं, सकाळचा नाश्ता आठवत नाही. नाटक तर नाही?

नाटक नाही. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, ज्यांनी पाहिलीत त्यांना हे लगेच कळेल. जमिनीतलं तोंड निमुळतं, पोट मोठं. उघडल्यावर वरचं आधी हाताला लागतं, तळचं शेवटी. आठवणींची झीजही वरूनच सुरू होते. तेओद्युल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच हा नियम मांडला होता. हिप्पोकॅम्पस बिघडला की नवी नोंदच होत नाही, जुन्या नोंदी मात्र मेंदूच्या इतर भागांत पसरून पक्क्या झालेल्या असतात. म्हणून बायकोचं नाव अडखळतं आणि नाट्यपद मात्र तानेसकट येतं. सांगलीत अशी उदाहरणं घरोघरी सापडतील, नाट्यपंढरी उगाच नाही म्हणत.

बरं होण्यासारखं काही कारण असू शकतं का?

असतं. ते शोधायच्या आधी कुणी ‘डिमेन्शिया’ हा शब्द उच्चारला तर त्या डॉक्टरला दोन प्रश्न जरूर विचारा.

पहिलं कारण व्हिटॅमिन बी१२. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरात, त्यातही डायबेटीससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि सोबत अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी घेणाऱ्यांत याची कमतरता सर्रास दिसते. रिपोर्टमध्ये आकडा २०० च्या खाली असेल तर इंजेक्शनं घ्यावी लागतात. विसरणं, तळपायाला मुंग्या, चिडचिड हे सगळं त्यातून येऊ शकतं. लवकर पकडलं तर सुधारतं, फार उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही.

दुसरं थायरॉइड. तिसरं, ज्याच्याकडे घरात कुणी बघत नाही, ते नैराश्य. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांनी “बाबा विसरायला लागले” म्हणून आणतात. बाबा विसरलेले नसतात, त्यांना कशात रस उरलेला नसतो. प्रश्न विचारला की “माहीत नाही” म्हणतात, प्रयत्नच करत नाहीत. यावर औषध आहे आणि ते लागू पडतं.

चौथं कारण औषधंच. आजींना मी म्हणते, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. परवा एकींनी टेबलावर पिशवी उलटी केली. हृदयाच्या डॉक्टरांच्या, हाडाच्या डॉक्टरांच्या आणि गावातल्या डॉक्टरांच्या मिळून चौदा प्रकारच्या गोळ्या. एकच झोपेची गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा, वर सर्दीची झोप आणणारी गोळी गेल्या पावसाळ्यापासून चालूच. त्यांना डिमेन्शिया नव्हता, त्या दिवसभर गुंगीत होत्या. मात्र झोपेची जुनी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ती टप्प्याटप्प्याने सोडवावी लागते.

शिवाय न्हाणीघरात पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डोक्यात सावकाश साठणारं रक्त. आणि मेंदूतलं पाणी वाढून होणारा एक आजार, ज्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, लघवी आवरत नाही आणि स्मृती मंदावते. दोन्हींवर ऑपरेशनने उपाय होऊ शकतो. दारूही याच यादीत येते.

परवापर्यंत ठणठणीत होते, चार दिवसांत भ्रमिष्टासारखं बोलायला लागले. हा अल्झायमर का?

नाही. एवढ्या झपाट्याने अल्झायमर येत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, खुब्याच्या ऑपरेशननंतरचा काळ, कधी नुसतं बद्धकोष्ठही त्याचं कारण असतं. अशा अचानक आलेल्या भ्रमाला डेलिरियम म्हणतात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडी वळली असं असेल तर तो पक्षाघात. तिथे तासांचं गणित असतं, माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे न थांबता थेट स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा.

डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच का?

‘ताप’ आणि ‘टायफॉइड’ एकच का, तसा हा प्रश्न. डिमेन्शिया ही अवस्था, अल्झायमर हे तिचं सर्वांत मोठं कारण, १०० पैकी ६० ते ७० जणांत. बाकीच्यांत रक्तवाहिन्यांमुळे होणारा प्रकार आपल्याकडे बराच दिसतो, कारण बीपी आणि साखर दोन्ही मोकाट.

आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांकडे १९०१ मध्ये फ्रँकफर्टला आलेली ऑगस्टे नावाची बाई अवघी ५१ वर्षांची होती. ती गेल्यावर, १९०६ मध्ये, त्यांनी तिच्या मेंदूत सापडलेल्या गाठी आणि गुंते सर्वांसमोर मांडले. म्हणजे ज्या आजाराला आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतो, त्याची पहिली रुग्ण म्हातारी नव्हतीच.

तपासणीत काय करतात? लगेच एमआरआय लागतो का?

आधी बोलणं, मग चाचणी, मग रक्त, मग स्कॅन. हा क्रम उलटा करून थेट मिरजेला एमआरआय काढून आलेले लोक भेटतात. त्यात ‘वयानुरूप आकसलेला मेंदू’ असं लिहून येतं आणि घरभर घबराट पसरते. सत्तरीत ते बहुतेकांच्या रिपोर्टवर असतं.

चाचणीबद्दल एक सांगते. ३० गुणांची जी चाचणी सगळीकडे वापरतात ती अमेरिकेत १९७५ मध्ये बेतली गेली. ‘आज तारीख काय?’ हा त्यातला नेहमीचा प्रश्न. कवठेमहांकाळकडच्या एक आजी गप्प बसल्या. शाळा पाहिलेली नाही. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “आजी, उपास कधी?” त्या लगेच म्हणाल्या, “परवा संकष्टी न्हवं का. चंद्र उशिरानं हाय.” बरोबर होतं, मलाच कॅलेंडर बघावं लागलं. शिक्षण किती झालंय हे न बघता गुण दिले तर शेतात आयुष्य काढलेली निम्मी माणसं नापास होतील. उलट निवृत्त प्राध्यापक आजार असूनही पैकीच्या पैकी मिळवून जातात.

हळद, ब्राह्मी, बदाम यांनी स्मरणशक्ती वाढते का?

हळदीच्या गावात राहून हे लिहिणं जोखमीचं, पण सांगते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रास्तच आहे. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत छान काम करतं. मात्र हळदीत ते जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास असतं आणि पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या प्रयोगांत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. भाजीत घाला, दुधात घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कर्क्युमिनच्या महागड्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. ब्राह्मीवर छोटे अभ्यास आहेत, निकाल बरे पण तोकडे. त्यातही ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, आपल्या बाटलीत कुठली ते बघा. बदाम खा, चांगले असतात, भिजवून खा किंवा कोरडे.

मग हातात काय आहे?

बरंच काही. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणं मांडली. ती आवरली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशोब. सगळी सांगत बसत नाही, आपल्या भागात जी नडतात तेवढी सांगते.

बीपी. चाळिशी-पन्नाशीतलं. “मला काही त्रास होत नाही” म्हणून गोळी सोडलेला माणूस सत्तरीतल्या मेंदूचं नुकसान आज करत असतो. २०१९ च्या एका मोठ्या प्रयोगात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत सौम्य विस्मरणाचं प्रमाण १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा कमी दिसलं.

कान. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही, श्रवणयंत्राची वाटते. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प होतो, गप्प झाला की लोक त्याला वगळून बोलतात, आणि वर्षभरात तो खरंच मागे पडतो. कितीतरी ‘विसरलेल्या’ गोष्टी मुळात ऐकूच आलेल्या नसतात. पिकलेला मोतीबिंदूही तसाच, काढून टाका.

चालणं. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षाअखेर सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. आमराईत चाला, घाटावर चाला, पण बोलताना धाप लागेल इतपत चाला. बाकावर बसून राजकारण बोलण्याचाही उपयोग आहे, एकटेपणावर तो उतारा आहे. फक्त त्याला व्यायामात धरू नका.

मिश्री. आमच्याकडच्या आज्यांना ती तंबाखू वाटतच नाही. तंबाखूच आहे ती. आणि हेल्मेट. डोक्याचा मार हे त्या १४ कारणांपैकी एक आहे, आणि आपल्या शहरात नातवाला मागे बसवून बिनहेल्मेट जाणारे आजोबा मोजायला गेले तर बोटं पुरणार नाहीत.

शब्दकोडी सोडवून फायदा होतो?

शब्दकोडी सोडवण्यात तुम्ही तरबेज होता. मेंदूला नवं आणि थोडं अवघड काहीतरी लागतं. चाळीस वर्षं भजनात टाळ वाजवणाऱ्याने पेटी शिकावी. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २००० मध्ये त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला होता.

आईला होता, मला होणारच का?

धोका थोडा वाढतो, ‘होणारच’ असं नाही. थेट वारशाने येणारा प्रकार फार दुर्मीळ, तो बहुधा साठीच्या आतच दिसतो. हे मी स्वतःलाही सांगत असते.

यावर औषध आहे का?

डोनेपेझिल, रिवास्टिग्माइन, मेमँटिन ही औषधं काही जणांत लक्षणं थोडी सावरतात, आजार थांबवत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब मंजूर झालं. ती शिरेतून देतात, फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, आणि घसरण काहीशी मंदावते. मेंदूला सूज किंवा रक्तस्रावाचा धोका असल्याने वरचेवर एमआरआय करावे लागतात. व्हॉट्सअॅपवर ‘अल्झायमरवर रामबाण’ म्हणून जे फिरतं ते हे नव्हे.

घरच्यांनी कसं बोलावं?

“ओळख बघू मी कोण?” हा आपला आवडता खेळ बंद करा. आल्या आल्या सांगून टाका, “आत्या, मी सुमा. धाकट्याची मोठी.” परीक्षा संपली की माणूस हसतो.

माझी आई शेवटची चार वर्षं रोज दिवेलागणीला पिशवी भरायची. “तासगावला सोड मला, बाबा वाट बघत असतील.” मी डॉक्टर असून तिला सांगायचे, “आई, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली.” आणि दर संध्याकाळी तिला वडील गेल्याची बातमी नव्याने कळायची. ती खरोखर रडायची. हे कळायला मला दोन महिने लागले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या पिशवी खाली ठेवून म्हणायच्या, “जाऊ की. पर आदी सांगा, तुमच्या गावचा रथ कसा वडत्यात?” मग ऋषिपंचमीचा रथ, दोर, गुलाल, गर्दीत हरवलेली चप्पल. तोवर जेवायची वेळ व्हायची.

चार महिने पुण्याला, चार महिने सांगलीत, अशी वाटणी चालेल का?

विसरणाऱ्या माणसाची करू नका. स्वतःच्या घरात पाय आपोआप न्हाणीघराकडे वळतात, नव्या फ्लॅटमध्ये वळत नाहीत. २०१९ च्या महापुरात घर सोडून नातेवाइकांकडे गेलेल्या काही ज्येष्ठांचा गोंधळ मी तेव्हा पाहिला. आजार आधीपासून होता, घराने तो सांभाळून घेतला होता. मुलांनी पाळ्या लावून सांगलीला यावं. हे सांगितलं की फोनवर शांतता पसरते, माहीत आहे मला.

स्कूटर चालवू द्यावी का?

वाट चुकायला लागली, गाडीवर ओरखडे दिसायला लागले की नाही.

मृत्युपत्र, बँक, सातबारा यांचं काय?

निदान झाल्यावर पहिल्याच महिन्यात बोला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि करणाऱ्याला आपण काय करतोय हे कळत असावं लागतं. सुरुवातीच्या टप्प्यात हे शक्य असतं. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची समज पूर्ण गेली की आपल्या कायद्यात ते टिकत नाही, मग कोर्टाची पायरी येते. कुणी म्हाताऱ्यांची फसवणूक किंवा छळ करत असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

तपासणीला येताना काय आणू?

गोळ्यांची पिशवी, चष्मा, श्रवणयंत्र असेल तर चालू सेल घालून. जुने रिपोर्ट. विसरण्याचे चार प्रसंग तारखेसह लिहिलेला कागद, तो माझ्या हातात गुपचूप द्या, त्यांच्यासमोर वाचून दाखवू नका. आणि सोबत जो रोज घरात असतो त्यानेच यावं, मग ती सून असो, कामवाल्या मावशी असोत. पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर असला तरी चालेल, फक्त आवाज बंद ठेवून.